डेटा संपला त्या दिवशी

बाटल्या भरायची यंत्रं बसवणं हा फिटरचा धंदा. कंपनीने त्याला बारा दिवसांसाठी परदेशातल्या एका कारखान्यात पाठवलं, तेव्हा त्याच्या बायकोला चौथा महिना लागला होता. ती जन्मापासून बहिरी. पुस्तकबांधणीच्या कामाला जायची. लग्नानंतर तो तिच्याकडूनच खुणांची भाषा शिकला, आणि इतक्या सफाईने बोलायला लागला की सोबतचे चिडवायचे, "नशीबवान आहेस लेका, तुझ्या घरचं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जात नाही."

साधा फोन या दोघांच्या काय कामाचा? बोलायचं तर एकमेकांचे हात दिसायला हवेत. म्हणून विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याने आधी तिथलं सिमकार्ड घेतलं, बारा दिवस पुरेल एवढा डेटा टाकून. घरचं सिमही फोनमध्ये राहू दिलं. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो व्हिडिओ कॉल लावायचा. फोन कपाला टेकवून ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ती तिकडून पोट दाखवायची, आणि "अजून काही दिसत नाही" म्हटलं की रुसायची.

त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहायची. "मी आहे ना, तू निर्धास्त जा," असं ताईने सांगितलं होतं. ताईला खुणा येत नव्हत्या. लग्नानंतरच्या पाच वर्षांत कधी शिकायची वेळच आली नाही; मध्ये तो असायचाच.

सहाव्या दिवशी यंत्र अडलं. झाकण बसायच्या आतच बाटल्या पुढे सरकत होत्या. कंपनीतल्या साहेबांनी व्हिडिओ मागवले. कारखान्याचं वायफाय बाहेरच्या माणसाला मिळत नव्हतं. "संध्याकाळी खोलीवरून पाठव," असं तिथल्या मॅनेजरने सुचवलंही. पण फिटरला आपण किती तत्पर आहोत हे दाखवायचं होतं. त्याने स्वतःच्याच फोनवरून एकापाठोपाठ एक नऊ व्हिडिओ पाठवले. जरा वेळाने तिथल्या भाषेत एक मेसेज आला. जाहिरात असेल, म्हणून त्याने तो धड पाहिलाही नाही. पाना घेऊन यंत्राखाली शिरला.

दुपारी घरच्या सिमवर ताईचा फोन वाजला. हात ग्रीसने माखलेले, शेजारी मॅनेजर उभा. त्याने वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"अरे, आहेस कुठे तू? हिला दवाखान्यात आणलंय. रक्त जातंय."

"तिला दे फोन," तो बोलून गेला.

"तिला देऊन काय करू रे?" ताईला रडू फुटलं. "सकाळी तुझा कॉल झाल्यावर थोड्या वेळाने काहीतरी सांगायला लागली. सारखी पोटाला हात लावायची. मला वाटलं भूक लागली, मी ताट वाढून पुढे ठेवलं. मग तुला व्हिडिओ लावत बसली. अकरा वेळा लावला. लागतच नव्हता."

"कागद द्यायचास ना!"

"दिला. लिहवत नव्हतं तिला."

त्याने फोन पाहिला. डेटा बंद. मघाचा मेसेज कशाचा होता, ते आता कळलं. तो तसाच फाटकाबाहेर धावला. डेटा भरायला समोरच्या मोबाइलच्या दुकानदाराने पासपोर्ट मागितला. पासपोर्ट खोलीवर, आणि खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेजारी न्हाव्याचं दुकान होतं. तो आत शिरला, फोन पुढे केला आणि हात जोडले. न्हाव्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता वायफायचा पासवर्ड टाकून दिला, आणि रिकाम्या खुर्चीवर त्याला बसवलं.

ताईने फोन तिच्यासमोर धरला. तिच्या उजव्या हाताला सलाईन लावलेलं होतं. ती एकाच हाताने बोलत होती. बाळ म्हणायचं तर दोन्ही हातांची झोळी करावी लागते. तिने अर्धीच झोळी केली, आणि मग तळवा उघडून दाखवला. रिकामा.



"कुठे होतास?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. यंत्र, साहेब, व्हिडिओ. डेटा संपला हे सांगायला त्यांच्याकडे खूणच नव्हती. त्याने भांडं उपडं केल्यासारखं काहीतरी करून दाखवलं. ती बघत राहिली. मग तिने डोळे मिटले. ती डोळे उघडेपर्यंत त्याला तिच्याशी एक अक्षर बोलता येणार नव्हतं.

"झोपली रे," ताई म्हणाली.

ती झोपलेली नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिचा कॉल लागला असता आणि तिला लवकर दवाखान्यात आणलं असतं तर मूल वाचलं असतं का, असं परत आल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही. वाचलं असतंच असं नाही," ते म्हणाले. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही.

बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही. कामावर जाऊ लागली. संध्याकाळी ताई खाली यायची आणि दोघी जमिनीवर समोरासमोर बसायच्या. ताईचे जाडे हात चुकायचे, बायको ते धरून सरळ करायची. पहिली खूण तिने शिकवली ती दुखण्याची. तो जवळ येऊन बसला की तिचे हात मंदावायचे.

दोन महिन्यांनी कंपनीने पुन्हा परदेशी जायला सांगितलं. "मी नाही म्हणणार आहे," त्याने तिला सांगितलं. तिला बरं वाटेल अशी त्याची समजूत.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला कपडा तिने खाली ठेवला.

"जा," ती म्हणाली. "ताई आहे."

आणि तिने पुढचा कपडा उचलला.