लाल तार पिवळीला

मी एक जुनी वायर आहे. काटेवाडीत हिंदुरावांच्या घरी फडताळाच्या वरच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात मी वेटोळं करून पडलेली असते. सोबतीला दोन जळलेले फ्यूज आहेत आणि एक किल्ली आहे. तिचं कुलूप कुठं गेलं हे आता तिलाही आठवत नाही. मित्रांनो, मी कुणाच्या घरात दिवा लावला नाही, की कुणाच्या शेतात पाणी चढवलं नाही. एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं, एवढंच माझं काम. हलकं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण दोन माणसांच्या मध्ये राहून राहून मी जेवढी शिणले, तेवढी तर ऊस वाहणारी बैलगाडीसुद्धा शिणत नसेल.

माझा जन्म १९९७ सालचा. तेव्हा गावात कॉम्प्युटर म्हणजे नवलाई होती. आधी तो हिंदुरावांकडे आला, त्यांच्या रणजितच्या डिप्लोमासाठी. मग शेजारच्या रावजींना दम कसा निघावा? रावजी हिंदुरावांचे धाकटे भाऊ. पाइपलाइन कुणाच्या रानातून न्यायची यावरून दोघांचं बिनसलं, वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. भावानं मोटारसायकल घेतली की आपण घ्यायची, भावानं फ्रीज आणला की आपण आणायचा, असा तो प्रकार होता. त्यामुळे महिन्याभरात रावजींच्या श्रेयासाठीही कॉम्प्युटर आला. भाऊबंदकीनं कुणाचं भलं झाल्याचं फारसं ऐकिवात नाही. माझं मात्र झालं. दोन कॉम्प्युटर नसते तर मी जन्मालाच आले नसते.

रणजित आणि श्रेया ही चुलत भावंडं. थोरले बोलत नव्हते म्हणून मुलांनी का गप्प बसावं? भिंतीत खाली जुन्या नळाचं भोक राहिलं होतं. त्यातून त्यांनी मला ओवलं. एक तुकडा रणजितनं आणला, एक श्रेयानं, आणि भिंतीच्या अलीकडे, हिंदुरावांच्या बाजूला, दोन्ही तुकडे जोडून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. माझ्या पोटात तीन तारा आहेत. लाल बोलते, पिवळी ऐकते आणि निळी दोघींना धरून ठेवते. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण यावरच घडलं. त्या जोडात रणजितनं एका तुकड्याची लाल दुसऱ्याच्या पिवळीला बांधली आणि पिवळी लालला. मुद्दाम उलटी. कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडला, तर दोघंही बोलत राहतील आणि ऐकू कुणालाच येणार नाही.

वर्षभर पोरांनी मला घडीची उसंत दिली नाही. गाड्यांच्या शर्यती, विमानांच्या लढाया. श्रेया जिंकली की रणजित भिंतीवर बुक्की मारायचा. लाइट गेली की दोघंही एकदमच ओरडायची, आणि तेवढीच मला विश्रांती मिळायची. मग रणजित इंजिनिअरिंगला सांगलीला गेला, श्रेया पुण्याला गेली. जाताना मात्र दोघांनी एक लबाडी करून ठेवली. रणजितनं हिंदुरावांना बुद्धिबळाचा खेळ लावून दिला आणि सांगितलं, "आप्पा, दूध घालून आलासा की चार वाजता बसत जावा. हे मशीन तुमच्यासंगं खेळंल. रोजचा डाव जपून ठेवतंय. आन् ही इंग्रजी ओळ दिसली की समजायचं, मशीन आजून तयार न्हाय. थांबायचं." भिंतीपलीकडे श्रेयानं तिच्या तात्यांना हेच शब्द सांगितले.

तिसऱ्याच दिवशी हिंदुरावांचा हात थबकला. समोरच्यानं डावाची सुरुवात कडेच्या हत्तीपुढच्या प्याद्यानं केली होती, तिन्ही दिवस. असली अडाणी सुरुवात पंचक्रोशीत एकच माणूस करायचा. तरुणपणी देवळाच्या ओट्यावर त्याच्याबरोबर त्यांनी शेकडो डाव मांडले होते.

"ह्ये मशीन आपल्या रावजीवानी खेळतंय," ते बायकोला म्हणाले.

"मशीनला काय, शिकवाल ते शिकतंय," कुशाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "कालपास्नं खोकतंय बी रावजी भावजींवानी. भिंतीतनं ऐकू येतंय न्हवं?"

हिंदुरावांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. पलीकडे रावजींनाही कळायचं ते कळलंच होतं, कारण हिंदुराव वजीर फार लवकर बाहेर काढायचे आणि गमवायचे. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही. रोज चार वाजता मशीन मशीनशी खेळायचं. एखाद्या दिवशी उशीर झाला, तर हिंदुराव म्हणायचे, "मशीन आज वाईच दमलंय." मित्रांनो, मी त्या दिवसांत खरोखर सुखी होते. रावजींची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. पोरगी पुण्याला. अंथुर्ण्याची बहीण साखरबाई सारखी निरोप धाडायची, "एकल्यानं कशाला ऱ्हातुयास, हिकडं ये." रावजी दर वेळी उत्तर पाठवायचे, "हितं बरं हाय माझं." त्यांना हितं बरं कशानं होतं, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. रावजी त्या घरात राहणार की नाही, हे तीन तारांवर टांगलेलं होतं.

संक्रांत झाली आणि भोकातल्या उंदरानं माझा जोड कुरतडला. फार नाही, वरची पट्टी खाल्ली आणि निळी तार अर्धी तोडली. कुशाबाईंनी झाडताना ते पाहिलं. त्याच सकाळी विहिरीच्या मोटरचा स्टार्टर बघायला बारामतीचा सावळाराम मिस्त्री आला होता. चाळीस गावच्या जळक्या मोटरी त्यानं नवी तार गुंडाळून भरल्या होत्या. मोटरीच्या आवाजावरून तो तिचं दुखणं सांगायचा.

"मिस्त्री, येवढी ही वायर बघा की. उंदरानं खाल्लीया," कुशाबाई म्हणाल्या.

सावळाराम उकिडवा बसला. पट्टी सोडली, चष्मा वर केला आणि हसायलाच लागला.

"वैनी, कुठल्या शाण्यानं जोडलीय ही? तीन फेज, लाल, पिवळी, निळी. लालला पिवळी लावलीया! आवो, दोन फेज उलटं झालं की मोटर उलटी फिरती. पानी चढंल का मग?"

"पर चालत व्हती की," कुशाबाई म्हणाल्या.

"चालत आसंल कशीबशी. जळली आसती येक दिवस."

मी आकांत केला. पण वायरचा आकांत कुणाला ऐकू येतो? सावळारामनं लालला लाल बांधली, पिवळीला पिवळी, निळीला निळी. असा सुबक जोड मी जन्मात पाहिला नव्हता. वर दुहेरी पट्टी मारली, चहा घेतला आणि म्हणाला, "आता धा वर्सं बघाया नगं." मला त्याचा राग येत नाही. मोटरीच्या दुनियेत त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी मोटरीची वायर नव्हते, एवढंच.

त्या दिवशी चार वाजता हिंदुराव बसले. पडद्यावर ती इंग्रजी ओळ आली, समोरचा अजून बसलेला नाही असं सांगणारी. ते थांबले. भिंतीपलीकडे रावजी बसले. त्यांच्याही पडद्यावर तीच ओळ आली. तेही थांबले. हिंदुरावांच्या बाजूनं माझी लाल बोलत होती, रावजींच्या बाजूनंही लालच बोलत होती, आणि दोन्हीकडच्या पिवळ्या एकमेकींच्या कानाला कान लावून मुक्या बसल्या होत्या. साडेपाच वाजता हिंदुराव उठले. त्यानंतर दहा मिनिटांनी रावजी उठले.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. भिंतीतून खोकल्याचा आवाज यायचा.

"घरातच हाय," हिंदुराव म्हणाले. "खोकतंय. तरी बसत न्हाय."

"वायर तर न्हाय ना बिघडली?" कुशाबाईंनी विचारलं.

"सावळारामनं हात लावल्यावर बिघडंल व्हय? वायर चांगली हाय. मानसाचं बिनसलंय. मागल्या डावात मी त्याचे दोन्ही हत्ती मारले, त्येचा राग."

"मग जाऊन इचारा की."

"मी थोरला हाय. मी जाऊ व्हय?"

अकरा दिवस, मित्रांनो. अकरा दिवस दोन म्हातारी होत चाललेली माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकांची वाट बघत बसली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच बसलोय. हे सगळं माझ्यातून जात होतं. मी वायर होते म्हणून फुटले नाही. बाराव्या दिवशी रावजींनी त्यांच्या कॉम्प्युटरमधलं माझं टोक उपसलं, भोकापाशी आणलं आणि पलीकडे ढकलून दिलं. हिंदुरावांनी ते टोक आपल्या घरात येताना पाहिलं. त्यांनी मला गुंडाळून कॉम्प्युटरमागे टाकलं आणि त्यावर चादर घातली. कुशाबाई दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी साखरबाईचा पुन्हा निरोप आला. या वेळी रावजींनी "हितं बरं हाय" म्हटलं नाही. सामान अंथुर्ण्याला नेलं आणि पाडव्याच्या आत आपल्या वाट्याचं घर विकूनही टाकलं. घेणाऱ्यानं ती बाजू पाडली आणि तिथं खताचं दुकान काढलं. पाडताना हिंदुराव शेतात निघून गेले होते. मी घरातच होते. विटा पडल्याचा आवाज मी अख्खा दिवस ऐकला.

मे महिन्यात रणजित सुट्टीला आला. मला बघितलं, टेस्टर लावला, पट्टी सोडली आणि खाली बसला.

"आई, ही सरळ कुणी केली?"

कुशाबाईंनी सांगितलं. रणजितनं कपाळाला हात लावला आणि हिंदुरावांना लाल, पिवळी सगळं समजावलं. हिंदुरावांना तारांचं काही कळलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजी माझ्या म्होरं ती ओळ आली, तशीच त्याच्या म्होरं बी येत व्हती?"

"व्हय आप्पा. तात्या बसले आसतील तर त्यांच्याकडं बी हीच ओळ आली आसणार. त्यांना बी वाटलं आसंल, तुमीच बसत न्हाय."

हिंदुरावांनी दाराबाहेर बघितलं. तिथं आता खताच्या दुकानाची पाटी होती. "सावळारामला ह्यातलं काय सांगू नगा," कुशाबाई हळूच म्हणाल्या, "जिवाला लावून घील बिचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हिंदुराव अंथुर्ण्याला निघाले. पिशवीत मी होते. सहा वर्षांत ते भावाच्या दारात पहिल्यांदाच गेले. रावजी ओसरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. हिंदुरावांनी मला पिशवीतून काढून समोर धरलं. रस्ताभर त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं असणार, पण त्यातलं काही आलं नाही.

"वायर चुकली व्हती," ते म्हणाले.

रावजी वायरीकडे बघत राहिले. "मी रोज बसत व्हतो, दादा."

"मी बी."

साखरबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"घर गेलं की रं रावजी," हिंदुराव म्हणाले आणि त्यांना रडू आलं.

रावजींनी सरकून आपल्या शेजारी जागा केली. मोठा भाऊ बसल्यावर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. चाल कुणाची ऱ्हायली व्हती, त्ये सांग."

त्यानंतर पाय साथ देईपर्यंत हिंदुराव दर रविवारी अंथुर्ण्याला जात राहिले. समोरासमोर पट मांडायचे. तिथं माझं काही काम नव्हतं, म्हणून मी डब्यात आले. रणजितनं माझी लाल पुन्हा पिवळीला बांधून ठेवली आहे, पण मला लावायचं आता कुठं? ते घर नाही, ती भिंत नाही. माझ्या अंगावरचं रबर तडकलंय आणि खरं सांगायचं तर मला आता आणखी काही वाहवत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. माझं मागणं दुसरंच आहे. कधी तुम्ही कुणाची वाट बघाल आणि समोरून उत्तर येणार नाही. तेव्हा माणूस रुसला, माणूस बदलला, असं ठरवून मोकळे होऊ नका. मी लहान, मी मोठा असं न म्हणता उठा, भिंतीला वळसा घाला आणि दार वाजवा. बहुतेक वेळा तो तिथंच बसलेला असतो, तुमचीच वाट बघत. मी दोन्ही टोकांना होते, म्हणून सांगते.