शेवटच्या शब्दानंतर चार बोटं

मी एक जुना माइक आहे. सध्या माझा मुक्काम तुमच्या शाळेच्या कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाच्या आणि फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाच्या मध्ये आहे. मुख्याध्यापकांनी मला देणगी म्हणून घेतलं, दोन शब्द बोलले आणि विसरून गेले. माझा त्यांच्यावर राग नाही. विसरलं जाण्याची मला चांगली सवय आहे.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर ओरडणाऱ्या माइकांशी माझं नातं जोडू नका. मी स्टुडिओतला माइक. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. कारखान्यात ज्या बाईने तो बसवला तिने तेवढा वेळ श्वास रोखून धरला होता, कारण फुंकरीनेही तो फाटला असता. मी ऐकलेली पहिली गोष्ट म्हणजे तिने नंतर सोडलेला तो श्वास. तेव्हापासून मी फक्त ऐकतच आलो आहे. आम्हा माइकांना कान असतो, तोंड नसतं. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे.

माझी कामाची जागा म्हणजे छापखान्याच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दाराला दुहेरी फळ्या, समोर छोटा पडदा आणि काचेपलीकडे यंत्रं. परक्या भाषेतले सिनेमे तिथे यायचे आणि आपल्या भाषेत बोलायला लागायचे. गाणी बाहेरून तयार होऊन येत, पण गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं प्रेम माझ्यासमोर केलं जाई. हो, केलंच जाई. चुंबनाचा आवाज कसा काढतात ठाऊक आहे का? स्वतःच्या मनगटावर ओठ टेकवून. हसू नका. थिएटरात त्या आवाजाला लोक श्वास धरून बसत आणि इथे माणूस आपल्याच घड्याळाचा पट्टा वर सारून उभा असे.

एका वेळी एकाचाच आवाज घ्यायचा, अशी मालकांची शिस्त होती. नायक सकाळी यायचा आणि नायिका दुपारी. सकाळी नायक म्हणायचा, ‘तुझ्याशिवाय मला कोण आहे?’ आणि नायिका जेवूनखाऊन, पदर खोचून, चार तासांनी त्याला उत्तर द्यायची. त्याचा आवाज तिच्या कानात हेडफोनमधून येई, तेवढीच काय ती गाठभेट.

आमचा नायक म्हणजे खालच्या छापखान्यातले प्रूफवाले. ठेंगणे, टक्कल पडत चाललेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. बोलताना अडखळायचे. चहा मागायचा तर ‘च’वर असे अडकत की चहावाला बिचारा स्वतःच शब्द पुरा करी. पण कागदावरचं वाक्य हातात आलं, समोर मी असलो आणि खोलीत दुसरं कुणी नसलं की त्यांची जीभ मोकळी व्हायची. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

नायिका होती घोषणाबाई. सकाळभर बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगायची आणि दुपारी माझ्यासमोर प्रेमाच्या आणाभाका घ्यायची. कधी एखादी शपथही ती अशा सुरात घेई की वाटे, आता फलाट क्रमांक सांगणार. मग स्वतःच हसायची आणि पुन्हा म्हणायची.

सात वर्षांत या दोघांनी साठेक सिनेमांत एकमेकांवर जीव ओवाळून टाकला. प्रत्यक्ष भेट एकदाच झाली, मालकांनी चहापाण्याला सगळ्यांना बोलावलं तेव्हा. ‘हे तुमचे नायक,’ असं मालकांनी सांगितल्यावर ती म्हणाली, ‘अगंबाई, आवाजावरून मी तुम्हाला उंच समजत होते.’ ती सहज बोलली, आपुलकीने बोलली. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकले. ती घाई न करता थांबून राहिली होती, पण तेवढ्यात तिला कुणी तरी हाक मारली.

आता तिसऱ्या माणसाबद्दल सांगतो, म्हणजे यंत्रावर बसणारे कात्रीदादा. टेप कापण्या-जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्यावर ते दर शनिवारी मऊ ब्रश फिरवत. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही, हीच तर पंचाईत आहे.

एका हिवाळ्यात प्रूफवाल्यांना खोकला झाला. वाक्य संपलं की ते खोकत आणि तो खोकला टेपवर उतरे. एक दिवस घोषणाबाईने हेडफोन काढून दादांना सांगितलं, ‘दादा, वाक्यानंतरचं तेवढं काढून टाकत जा ना. ते खोकले की मला वाटतं, हा खराच माणूस आहे. मग मला माझं वाक्य बोलताच येत नाही.’

ती काय बोलून गेली ते दादांच्या लक्षात आलं नाही. खोकला नको, एवढंच त्यांना कळलं. तेव्हापासून त्यांनी नियमच केला. शेवटच्या शब्दानंतर चार बोटं टेप सोडायची आणि उरलेली ब्लेडने कापून टाकायची. हे काम दुपारी, ती यायच्या आधी होई. प्रूफवाले तेव्हा खाली छापखान्यात मान मोडून प्रूफं तपासत. त्यांना या नियमाचा पत्ताच नव्हता.

मग एक दिवस दादा बोलता बोलता त्यांना म्हणाले, की घोषणाबाईचा हा शेवटचा सिनेमा. भावाने परगावचं स्थळ आणलंय, रविवारी होकार-नकार कळवायचाय. त्या दिवशी प्रूफवाल्यांनी एक सोपं वाक्य सहा वेळा चुकवलं.

दोन दिवसांनी शेवटचं रीळ आलं. रिळातलं शेवटचं वाक्य संपलं की दादा कानावरचे हेडफोन उतरवून पलीकडच्या खोलीत रीळ गुंडाळायला जात आणि टेप तशीच चालू राही, हे प्रूफवाल्यांना माहीत होतं. शेवटचा शब्द झाला. दादा उठून गेले. प्रूफवाल्यांनी कागद खाली ठेवला, माझ्याजवळ आले आणि म्हणाले,

‘हे कागदावरचं नाही, माझं आहे. मला बोलायला वेळ लागतो. त्या दिवशी तुम्ही थांबला होतात. अजून थोडं थांबाल का? हो असेल तर आज शेवटी एवढंच म्हणा, थांबते.’

मित्रांनो, एकाही अक्षरावर ते अडखळले नाहीत. मी कान होऊन ऐकलं. असं वाक्य माझ्यात साठवता आलं असतं, तर मी ते आजपर्यंत जपलं असतं. पण ऐकलेलं आम्ही तारेतून पुढे पाठवतो आणि रिकामे होतो.

दुपारी दादांनी टेप लावली, शेवटचा शब्द शोधला, चार बोटं मोजली आणि उरलेली कापली. तुकडा खालच्या टोपलीत पडला. दुसऱ्या दिवशी झाडूवालीने टोपली रिकामी केली.

घोषणाबाई आली. तिने त्यांचं वाक्य ऐकलं, आपलं वाक्य म्हटलं आणि पहिल्याच फटक्यात ते मान्य झालं. तरी तिने हेडफोन काढले नाहीत. कोऱ्या टेपची सरसर ऐकत ती उभी राहिली. दादांनी काचेतून हात हलवला, तेव्हा तिने विचारलं, ‘पुढे काही नाही ना?’

‘काही नाही. संपलं,’ दादा म्हणाले.

तिने हेडफोन खुंटीला अडकवले आणि निघाली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्या जाळीतून एक अक्षर जरी उलटं बाहेर पडलं असतं! पण नाही पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रूफवाले वेळेआधी आले. ती काही म्हणाली का, एवढं विचारायला त्यांना फार वेळ लागला. दादांनी कौतुकाने सांगितलं, ‘काय म्हणायचंय? कागदावर होतं तेवढं बोलली. एकदम ओके.’ प्रूफवाल्यांनी मान डोलावली. रविवार आला आणि गेला.

नंतरही ते माझ्यासमोर प्रेम करत राहिले, दुसऱ्या नायिकांशी. शब्द अचूक असत, पण ओढ गेली होती. मालकांनी आधी त्यांना नायकाच्या मोठ्या भावाचं काम दिलं, मग वडलांचं, मग बोलावणंच थांबलं. नवे माइक आले आणि मीही खोक्यात गेलो. पुढे स्टुडिओच बंद झाला.

आवराआवर चालली होती त्या दिवशी एक पिकल्या केसांची बाई जिना चढून आली. आवाज ऐकताच मी ओळखलं. भाचीकडे आली होती, वाटेत पाटी दिसली म्हणून वर आली म्हणे. दादाही थकले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने नायकाची चौकशी केली. गेल्या वर्षी गेले, एकटेच होते, असं दादांनी सांगितलं.

तिने रिकाम्या खुंटीवर हात फिरवला. मग म्हणाली, ‘त्यांनी माझं कधी काही विचारलं का हो?’

दादा आठवू लागले. ‘नाही. म्हणजे एकदाच. तुमचं शेवटचं काम झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती काही म्हणाली का, असं.’

‘कशाला काही म्हणाली का?’

दादांनी खांदे उडवले. तिने टेबलाला हात टेकला. ‘दादा, तुम्ही जे कापत होतात ते ऐकून कापत होतात का?’

‘कापलेलं कुणी ऐकतं का, ताई?’ दादा म्हणाले आणि मग त्यांच्याही चेहऱ्याचा रंग उतरला. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. दादा माझं खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तुमच्या शाळेत आणून दिलं.

मित्रांनो, आता शेवटी मी म्हणायला हवं, की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. पण आमच्या खोलीत काळजीला तोटा नव्हता. मला दर शनिवारी ब्रश मिळत होता. टेप काळजीनेच कापली होती, तिने काळजीनेच ऐकली होती आणि त्यांनीही काळजीनेच दादा उठून जाण्याची वाट पाहिली होती. कुणाची चूक काढायची म्हटलं तर मला सापडत नाही. म्हणून मी एवढंच मागतो, की कुणाला काही सांगायचं असेल तर ते मला सांगू नका. त्याच्या समोर जा, अडखळा, हसं झालं तर होऊ द्या, पण त्यालाच सांगा.

हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, ते मला माहीत आहे. कपाटाला कुलूप आहे आणि मला तोंड नाही.