नाक्यावरची सायकल

एसटीतून उतरताना सोजरबाईचा एक पाय अजून पायरीवरच होता, तोच नाक्यावर सायकलची घंटी वाजली. गंजकी, अडखळत वाजणारी. तिनं घाईनं पिशवी काखेत मारली. भाकरी टाकायची राहिली की! पोरगा रामहरी गिरणीतून यायचा, तेव्हा ही घंटी ऐकूनच ती तव्यावर भाकरी टाकायची.

पण रामहरीला जाऊन चार वर्षं झाली होती. याच पुणे रस्त्यावर महिपतीच्या भरधाव ट्रकनं त्याला सायकलीसकट चिरडलं. साक्षीदार फिरले, महिपती सुटला, आणि सुटल्या दिवशीच नाक्यावर तिप्पण्णाच्या हॉटेलात त्याला चहा मिळाला. 'सुटलास बाबा एकदाचा' म्हणत तिप्पण्णानं पैसेसुद्धा घेतले नाहीत. कोर्टाचं सोजरबाईला एवढं लागलं नाही. तो फुकटचा चहा मात्र काळजात रुतून बसला.

म्हणून तर शहरातल्या समाजसेवेच्या क्लबचे आबासाहेब दारात आले, तेव्हा तिनं ती मोडकी सायकल दिली.

"चौथरा बांधून, पाटी लावून नाक्यावर उभी करू," आबासाहेब म्हणाले होते. "वर तांबडा रंग उडवू, रक्तासारखा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. गाडी बेफाम हाकणाऱ्याला लोकांनी दारात उभं करता कामा नये!"

"तिप्पण्णा त्येला च्या देनार न्हाय?"

"कोण देईल, बाई?"

पोराची तेवढीच वस्तू उरली होती. ती तिनं पदरानं पुसून दिली, आणि बघवणार नाही म्हणून माढ्याला भावाकडं निघून गेली. 'ड्रायव्हर गाड्या थांबवून बघत्यात, लई गर्दी असती' असा निरोप यायचा, तेव्हा तिला बरं वाटायचं.

आता गावी परतल्यावर ती गर्दी तिच्या समोरच होती. ड्रायव्हर गाड्या थांबवत होते खरे. थांबवून नारळ फोडत होते! हँडलला लिंबू-मिरची, वाकड्या चाकाला झेंडूची माळ. रक्ताचा रंग फिका पडला होता, तिथं कुणीतरी हौसेनं शेंदूर थापलेला. आबासाहेबांची पाटी हारांखाली गडप. झालं! लाज वाटावी म्हणून पोराचं मरण मांडलं, तर लोकांनी त्याचा देव करून टाकला. देवापुढं नारळ फोडला की लाज कशाला उरते?

घंटी पुन्हा वाजली. वाजवणारा महिपती होता.

"लई जागृत हाय," डोळ्यांना हात लावत तो तिप्पण्णाला म्हणाला. "घंटी वाजवून निगालो की बिनघोर दामटतो. काल दुपारच्या आत पुन्याला टेकलो."

"मंग! आपल्या नाक्याचा देव हाय," म्हणत तिप्पण्णानं चहाचा कप त्याच्या हातात दिला.

सोजरबाई गर्दीत घुसली.

"व्हा बाजूला. माजी सायकल हाय ती. घिऊन चाललेय मी."

महिपतीनं तिला ओळखलं. कप ओठाशी थांबला, मग त्यानं तोंड फिरवून घोट घेतला. बाकीचे मात्र खवळले.

"ए म्हातारे, देवाला हात लावतीस?"

"कोप झाला तर कोन निस्तरनार?"

कोर्टात ज्यांच्या तोंडाला कुलपं होती, त्यांना आज भारीच वाचा फुटली. सोजरबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं कुणाकडं न बघता चौथऱ्यावर पाय ठेवला.

तिप्पण्णा लगबगीनं पुढं आला. आवाज त्यानं मऊच ठेवला होता.

"मावशी, तुमचंच लेकरू हाय की. ऱ्हाऊ द्या हितंच, मानानं. आन् वर चडताना चपला तेवड्या काडा."

सगळी गर्दी तिच्या पायांकडं बघत होती. कपाळाला आठ्या घालून, काही घाण दिसावी तशी. रामहरी गेल्यापासून महिपतीकडं असं कुणी एकदाही बघितलं नव्हतं.

सोजरबाईनं पाय मागं घेतला, आणि वाकून चपला काढल्या.