तीन रुपये दहा पैशांचं ऊन

मी मीटर बोलतोय. कुरुंद्याच्या शिवारात, तातेरावांच्या सोलर प्लेटांशेजारी एका लोखंडी पेटीत राहतो. जन्म कारखान्यातला, तपासणी प्रयोगशाळेतली, सील वीज कंपनीच्या साहेबांचं. एवढं होऊनही माझ्यावर लक्ष ठेवायला शेजारी दुसरा मीटर बसवला आहे. कचेरीची रीत.

इथून कंपनीला किती वीज गेली, ते मी मोजतो. भाव माझ्या हातात नाही. वसमतच्या हळद बाजारात जो जास्त बोलेल, त्याला माल मिळतो. विजेच्या निविदेत उलटं. जो कमी मागेल, त्याची वीज घेतात. तातेरावांनी युनिटला तीन रुपये दहा पैसे मागितले आणि जिंकले. हा भाव पंचवीस वर्षं हलायचा नाही. एवढं स्थिर या जिल्ह्यात दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

भाव बरा मिळाला तर गावी येऊन प्लांट सांभाळीन, असं त्यांचा स्वप्निल म्हणाला होता. तीन-दहाला तो आला नाही. पुण्यातूनच मोबाइलवर माझा आकडा बघतो. हे कळल्यापासून त्याची आई, द्वारकाबाई, रोज माझी काच पदराने पुसते. लेकराला नीट दिसावं म्हणून.

उन्हाळ्यात बातमी आली, की नव्या निविदेत कुणाला तरी तीस पैसे जास्त मिळाले. हळदीचा भाव पडला की तातेराव पोती थप्पीला लावून वाट बघतात. इथेही त्यांनी तेच केलं. प्लांटचा खटका पाडला.

"भाव येईस्तोवर माल द्यायचा न्हाई."

"अन् ऊन कोन्या पोत्यात भरता?" द्वारकाबाई म्हणाली.

"तू गप बस."

दोन दिवस मी एकाच आकड्यावर उभा. तिसऱ्या दिवशी स्वप्निल धापा टाकत हजर! दीड वर्षानं.

"बाबा, करार झालाय. आता भाव वाढत नसतो. गेलेलं ऊन गेलं."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं व्हतं. तुमी हळद शिजवून राहिले व्हते."

त्याने खटका चढवला, दोन दिवस आईच्या हातचं जेवला आणि गेला. त्या दोन दिवसांत माझी काच कुणी पुसली नाही.

आज सकाळी तातेराव बाजाराला गेले. द्वारकाबाई आली, काच पुसली, मागे वळून पाहिलं आणि खटका खाली ओढला.

"रागावू नको रे बाबा," मला म्हणाली.

कडक ऊन पडलंय. कंपनीच्या लेखी त्याची किंमत शून्य. साहेब, रीडिंगला आलात तर मीटर बिघडला असं लिहू नका. मी बराबर आहे. आम्ही दोघं पुण्याच्या माणसाला घेऊन वसमतहून येणाऱ्या एसटीची वाट पाहतोय.