नावानं हाक

"ओ काशिनाथ, वर ये! पाइप उतरतोय!"

दिघीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांच्या भोंग्यांवर नीराबाईची हाक चढली. काशिनाथ निमूट वर आला. काम पाण्याच्या पाइपलाइनचं होतं. जेसीबी डोक्याच्या वर जाईल इतका खोल चर खणून पुढे सरके, मागून माणसं सांधे बसवायला आत उतरत, आणि नीराबाई कडेवर उभी राहून माती पाही. मुकादम अल्पेशने तिला एक शिट्टी दिली होती. ती गळ्यात होती, शोभेला.

"शिटी मार ना मावशी, कशाला घसा फोडतेस?" अल्पेश रोज म्हणे.

"शिटीला कोन मान वर करत न्हाय. नावाला करतो."

हे तिला कुठून कळलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढे कोणी विचारत नसे. मागे अशाच एका चरात तिचा नवरा बाबाजी खाली काम करत होता आणि ती वर मातीच्या पाट्या उचलत होती. कडेला भेग दिसली तशी ती ओरडली, "अवो, वर या!" ती त्याला दिवसभर हीच हाक मारी, पाण्याला, चहाला, भाकरीला. त्याला वाटलं चहा आला. मान वर न करताच तो म्हणाला, "येतो, येतो." आणि कड ढासळून त्याच्यावर बसली.

लग्न झाल्यापासून तिने त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. त्यांच्याकडे तिच्या वयाची कुठलीच बाई उच्चारत नाही. यात तिची चूक ती कोणती?

पण आता ती चरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन ओरडे, आणि गावाला नेमकं तेच खुपलं. "दादल्याचा नाव कदी घेतला न्हाय, आता बाप्यांची नावा घेत उभी ऱ्हाते," असं टोळीतलीच रंगू विहिरीवर म्हणाली. ते संध्याकाळपर्यंत नीराबाईच्या कानावर आलं. अशा गोष्टींना पाय फुटायला वेळ लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत बायका आंब्याखाली बसत आणि नीराबाई जेसीबीच्या सावलीत एकटी डबा उघडी. तिला वाईट वाटे, खूप वाटे. घरीही बोलायला कोणी नव्हतं.

नाव घ्यायचं नाही असा टोळीत एकच होता, दिनानाथ, बाबाजीचा थोरला भाऊ. थोरल्या दिराचं नाव घेणं तर नवऱ्याच्या नावाहून अवघड. बाबाजी गेल्यापासून तो तिच्याशी बोलत नव्हता.

त्या दुपारी कडांना लावायच्या फळ्या आणि टेके आले नव्हते. "एकच सांधा हाय, पाच मिनटांचं काम," अल्पेश म्हणाला, आणि दिनानाथ शिडीने खाली उतरला. जेसीबीने मातीचा ढीग अगदी कडेलाच ओतला होता. नीराबाईला ढिगाच्या पायथ्याशी केसाएवढी भेग दिसली. पाहता पाहता तिच्यात बोट जाईल एवढी ती झाली.

"मोठं भावजी, वर या!"

"आलो, आलो," खालून आवाज आला. मान खालीच होती.

मग नीराबाई ओरडली, "दिनानाथ! ए दिनानाथ! वर ये!"

सगळं काम थांबलं. रंगूने तोंडावर पदर धरला. दिनानाथने वर पाहिलं आणि हातोडा टाकून ताडताड शिडी चढून आला. "लाज हाय का न्हाय तुला? कोनाला हाक मारतेस तू?"

त्याचं बोलणं संपलं नव्हतं, तोच त्याच्या मागे कड बसली. धूळ खाली आली तेव्हा पाइप दिसत नव्हता. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या बाहेर होत्या.

दिनानाथ खाली बसला. रंगूने त्याला पाणी दिलं, आणि मग तोच तांब्या नीराबाईपुढे धरला. दिनानाथ हळूच म्हणाला, "बाबाजीला बी अशीच हाक मारायची होतीस गं."

तो रागाने बोलला असता तर तिला सोसलं असतं.

"व्हय," ती म्हणाली.

संध्याकाळी टेम्पो भरला. "मावशी, चल," अल्पेशने हाक दिली. तुम्ही व्हा पुढे, मी येते चालत, असं तिने सांगितलं. टेम्पो वळणाआड गेला. रस्त्यावर कोणी नव्हतं. ढासळलेल्या कडेपासून जरा लांब ती उभी राहिली. तिने पदर सारखा केला. एकदा, निदान एकदा तरी नवऱ्याचं नाव म्हणून पाहावं, कोण ऐकतंय इथं. तिने ओठ मिटले, श्वास घेतला.

"अवो," ती म्हणाली, "वर या."