डेलियातली भेसळ

मी चाळीस वर्षं तळेघरला भात करतोय. बियाण्याच्या वावरात एखादी लोंबी वेगळी दिसली, की मी ते रोप मुळासकट उपटतो. भेसळ राहिली तर पुढच्या साली वाण बिघडतं, हे मला कुणी शिकवायला नको.

लंका, माझी बायको, वैशाखात गेली. दारातल्या तिच्या पांढऱ्या डेलियाचे कंद ती दरवर्षी पावसाआधी काढून राखेत ठेवायची. यंदा ते माझ्या ध्यानात आलं नाही आणि कंद कुजले. तिनं डबीत ठेवलेलं बी तेवढं सापडलं. पाऊस सरल्यावर मी ते दारात पेरलं. बारा रोपं जगली.

पहिलं फूल जांभळं निघालं. मी रोप उपटून बांधावर टाकलं. दुसरं पिवळं, तेही उपटलं. लंकाच्या फोटोला पांढरंच वाहायचं होतं. अशी अकरा रोपं गेली.

जुन्नरहून लेक आली, जया. बांधावर सुकलेली रोपं बघून ती तिथंच बसली.

"आबा, डेलियाच्या बियाचं असंच असतं. दर रोपाचा रंग निराळा. आई मावशीच्या परसात बी लावायची, लई रंग यायचे. तुमचा पांढरा तिथलाच, कंदातनं तेवढा तोच रंग येतो."

"मग आपल्या दारात का न्हाई लावलं?"

जयानं सुकलेल्या रोपांतलं एक उचललं.

"तुमी उपटाल म्हणून."

बाराव्या रोपाला कळी आलीय. टोकाला तांबडं दिसतंय. आज सकाळी मी त्याला काठीचा आधार दिला.