वेदीवरचं अंजीर

आमच्या चर्चच्या छतातून अंजिराचं झाड उगवलं होतं, बरोबर वेदीच्या वर. पाऊस आला की फादर आन्तेल्म एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात छत्री धरून मिस्सा म्हणत. सत्तरीचा माणूस, हिवाळाभर खोकायचा. त्यांचं घर मी सांभाळते, काढेही मीच करते. पण इमारत जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतली, परवानगीशिवाय दगडालाही हात लावायचा नाही.

अखेर पॅरिसहून वोकलँ साहेब फोटो काढायला आले. फोटो बघून दुरुस्ती ठरणार होती.

"साहेब, झाड आणि भोक नीट दिसू दे," मी म्हटलं.

"पानं हलतात हो, बाई. दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवायचा. हललं ते पुसलं."

हलतंय कसं बघते, म्हणून मी शिडी लावली आणि फांदी न् फांदी सुतळीने बांधून टाकली. साहेब काळ्या कापडातून "वा, वा" करत बाहेर आले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पत्र आलं. फोटो पॅरिसमध्ये फार गाजला होता. दगड आणि पानांची अशी जोडी कुठे नाही, झाडाला कुणी हात लावू नये. छताबद्दल एक अक्षर नाही.

"छान लिहितात," फादर छत्रीखालून म्हणाले आणि खोकत बसले.

माझं डोकंच फिरलं. करवत घेऊन चढले, झाड कापलं, भोकावर फळ्या ठोकल्या. त्या रविवारी फादरनी दोन्ही हात मोकळे ठेवून मिस्सा म्हटली, आणि मला रडू आलं.

मग तपासनीस आला, हातात फोटो.

"झाड कुठाय?"

"पडलं," मी म्हटलं.

"वाऱ्याने?"

त्याने फादरकडे पाहिलं. फादर खोटं बोलत नाहीत, म्हणून ते बराच वेळ खोकले.

वसंतात दुरुस्ती मंजूर झाली. गाडीतून दोन गवंडी उतरले, आणि मागोमाग कुंडीतलं अंजिराचं रोप. सगळं फोटोबरहुकूम करायचं होतं. त्यांनी आधी माझ्या फळ्या काढल्या.

फादर वेदीपाशी उभे राहून वर बघत होते. "अहो, हे झाड हातभर डावीकडे सरकवता येईल का?"

गवंड्याने फोटो निरखला. "नाही हो, फादर. यात तसं नाहीये."

मी छत्री आणायला गेले.